कमळाच्या नावातच चिखल आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पंधरा वर्षांची नोकरी गेली आणि त्याच वर्षी राहतं घर विकावं लागलं. वाढदिवसाला मैत्रिणीनं कमळाचं चित्र असलेली फ्रेम दिली, सोबत कमळबियांची पुडी. चित्राखाली लिहिलंय, 'चिखलातूनच कमळ उमलतं.' मला बरं वाटायच्या ऐवजी चीड आली. कमळाचा खरा अर्थ तरी काय, आणि माझ्यासारखीनं त्यातून घ्यायचं काय?"

चीड आली ते स्वाभाविक आहे. मैत्रिणीवर रागावू नका, पण त्या ओळीवर रागवायला माझी हरकत नाही.

मी बावीस वर्षं कृष्णाकाठी पाणवनस्पतींची छोटी रोपवाटिका चालवते. त्याआधी संस्कृत घेऊन एम.ए. केलं होतं. त्याचा उपयोग घरात कुणाला दिसला नाही, मला मात्र कमळांमुळे होत राहिला. तेव्हा उत्तरात माती आणि पोथी दोन्ही येणार, चालवून घ्या.

हीच ओळ मलाही एकदा मिळाली होती. ऑगस्ट २०१९ चा पूर. आमची सांगली पाण्यात होती आणि आमचं आवार छातीएवढ्या पाण्याखाली. पाणी उतरलं तेव्हा तीनशेच्या वर टब कुठल्या कुठे गेले होते आणि जमिनीवर वीतभर गाळ होता. त्या गाळाला जो वास होता तो पूर पाहिलेल्यांना सांगायला नको: सडलेला ऊस, डिझेल, मेलेली जनावरं, सगळं एकत्र. मी फावड्यानं गाळ ओढत असताना फोन वाजला. नातेवाइकांच्या ग्रुपवर गुलाबी कमळ, खाली तीच ओळ. फोन चिखलात फेकून द्यावासा वाटला. फेकला नाही, कारण विम्याच्या माणसाचा फोन यायचा होता.

नंतर शांतपणे विचार केला की बाकीच्यांचं सोड, तू तर कमळं लावतेस. तुला ही ओळ का खुपली? उत्तर माझ्याच धंद्यात होतं. वाटेल त्या चिखलात कमळ उमलत नाही.

धंद्याच्या पहिल्या वर्षी मी अकरा टब भरले होते. कुणीतरी सांगितलं होतं की कमळाला खत भरपूर लागतं. ते खरंच आहे, कमळ खादाड आहे. म्हणून तळाशी गोठ्यातलं ताजं शेण घातलं, वर काळी माती, त्यात कंद, वर पाणी. आठ दिवसांत पाणी चहाच्या डिकाक्शनसारखं झालं, तळातून बुडबुडे यायला लागले. दोन आठवड्यांनी हात घालून पाहिलं तर कंद नुसता लगदा. अकराच्या अकरा गेले. शेण कुजताना तळाशी गरम होतं, पाण्यातला होता नव्हता तो प्राणवायू खातं आणि कोवळा कोंब आधी जातो. तेच शेण वर्षभर खड्ड्यात पडून, कुजून, मातीसारखं भुसभुशीत आणि बिनवासाचं झालं की कमळाला त्याच्यासारखं अन्न नाही.

पुराच्या गाळाचंही तेच झालं. मी तो एका कोपऱ्यात ढीग करून ठेवला होता, केवळ दुसरीकडे टाकायला जागा नव्हती म्हणून. त्यावर एक उन्हाळा गेला, एक पावसाळा गेला. पुढच्याच्या पुढच्या मार्चमध्ये चाळून घेतला आणि टबात भरला. मळीच्या मातीसारखी माती, अजून पुरवून वापरते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे: तुमचं दुःख अजून ताजं शेण आहे. त्यात आत्ताच काही लावायला जाऊ नका, आणि लावलंच पाहिजे असं सांगणाऱ्याचं मनावर घेऊ नका. नोकरी गेली त्याच वर्षी "यातून मी काय शिकले" हे शोधत बसणं म्हणजे माझे पहिले अकरा टब. खड्ड्यात पडू दे. किती दिवस, ते मला सांगता येणार नाही. शेणाचं मला वासावरून कळतं. वास थांबला की तयार.

आता अर्थाकडे येऊ. आपल्याकडे कमळाची नावं पाहा: पंकज, नीरज, सरोज, जलज, अंबुज. सगळ्यांत शेवटी तो 'ज', म्हणजे अमुकातून जन्मलेलं. पंकज म्हणजे चिखलातून जन्मलेलं. संस्कृत शिकवताना हा शब्द हमखास येतो, 'योगरूढ' शब्दाचं उदाहरण म्हणून. शब्दाची फोड केली तर चिखलात जन्मणारं सगळंच पंकज: शेवाळ, गोगलगाय, लव्हाळा, अमुक किडा. पण रूढीनं शब्द एकाच फुलाला चिकटला. विद्यार्थी ते पाठ करून परीक्षा देतात आणि सोडून देतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एवढ्या सुंदर फुलाला नाव देताना पूर्वजांनी त्याचा चिखल लपवला नाही. त्याच्यावर मात केली, त्यातून सुटलं, असंही म्हटलं नाही. जन्मगाव आडनावात यावं तसा चिखल नावात ठेवला.

श्रीसूक्तात तर याच्याही पुढची गोष्ट आहे. लक्ष्मीपूजनाला कित्येक घरांत म्हणतात, अर्थाकडे लक्ष मात्र जात नाही. त्यात एक ऋचा आहे: "कर्दमेन प्रजा भूता मयि सम्भव कर्दम। श्रियं वासय मे कुले मातरं पद्ममालिनीम्॥" कर्दम हा परंपरेनं लक्ष्मीचा मुलगा मानतात. म्हणजे अर्थ असा की, कर्दमा, तू माझ्याकडे ये आणि कमळांची माळ घातलेल्या तुझ्या आईला माझ्या कुळात राहायला लाव. आणि कर्दम या शब्दाचा साधा अर्थ चिखल. पुढच्याच ऋचेत दुसऱ्या मुलाला बोलावणं आहे, चिक्लीताला. त्या शब्दात ओल आहे, भिजलेपण आहे. कमळावर बसणाऱ्या देवीची मुलं कोण, तर चिखल आणि ओल. आई घरी यावी म्हणून आधी त्यांना आवतण. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. चिखलणी झाल्याशिवाय भात नाही आणि भाताशिवाय लक्ष्मी नाही. आपण शहरातले लोक दिवाळीला फरशी चकचकीत पुसून हे सूक्त म्हणतो, ती गंमत वेगळी.

इथे एक गोष्ट बोलून टाकते, कारण ती मला फार दिवस खुपते आहे. दहावीचा निकाल लागला की धुणीभांडी करणाऱ्या एखाद्या बाईच्या मुलाचा फोटो छापून येतो आणि वर मथळा, "चिखलात उमललं कमळ". लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ती आई तो पेपर वाचते तेव्हा तिनं काय समजायचं? मुलगा कमळ, मग चिखल कोण? तिची खोली, तिची वस्ती, ती स्वतः? ज्यानं पोसलं त्याला घाण म्हणायचं आणि जे पोसलं गेलं त्याला फूल म्हणायचं, हा वाचनाचा दोष आहे. कंद चिखलातून काय ओढतो ते मी रोज बघते. त्या मुलाची आई हे त्याचं अन्न होतं.

जुन्या लोकांना हे कळत होतं असं मला छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकामाच्या गोष्टीवरून वाटतं. गोष्ट बहुतेकांना अर्धी माहीत असते. सत्यकामाला गुरूकडे शिकायला जायचं होतं, म्हणून त्यानं आईला आपलं गोत्र विचारलं. जबाला म्हणाली, तरुणपणी पुष्कळ ठिकाणी कामाला फिरत होते, तेव्हा तू झालास, तुझं गोत्र मला ठाऊक नाही. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तू सत्यकाम जाबाल असं सांग. त्यानं गौतम हारिद्रुमताला जसंच्या तसं सांगितलं आणि गुरूनं त्याला ठेवून घेतलं, कारण तो सत्यापासून ढळला नाही. पुढे त्याला चारशे अशक्त गाई हाकायला दिल्या. हजार झाल्याशिवाय परतणार नाही म्हणून तो गेला. इथपर्यंत आपण शाळेत ऐकतो.

पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. सत्यकाम स्वतः गुरू झाला. त्याच्याकडे उपकोसल नावाचा शिष्य बारा वर्षं अग्नी सांभाळत होता. बाकीच्या शिष्यांना सत्यकामानं विद्या पूर्ण करून घरी पाठवलं, याला मात्र नाही. गुरुपत्नीनं सांगून पाहिलं, तरी सत्यकाम काही न बोलता प्रवासाला निघून गेला. उपकोसलानं जेवण सोडलं. गुरुपत्नी म्हणाली, अरे जेव, का जेवत नाहीस? तो म्हणाला, माझ्यात नाना तऱ्हेच्या इच्छा आहेत, मी व्याधींनी भरून गेलो आहे, मी जेवणार नाही. बारा वर्षं इमानानं काम केलेला आणि हिशेबात न धरलेला माणूस. ओळखीचं वाटतं ना?

तेव्हा त्यानं सांभाळलेल्या अग्नींनाच त्याची दया आली आणि त्यांनी त्याला शिकवलं. मग सत्यकाम परतला आणि म्हणाला, अग्नींनी तुला निरनिराळ्या लोकांविषयी, म्हणजे जगांविषयी, सांगितलं, मी तुला ते सांगतो जे जाणलं की "यथा पुष्करपलाश आपो न श्लिष्यन्ते", कमळाच्या पानाला जसं पाणी चिकटत नाही, तसं पापकर्म चिकटत नाही. आईचं नाव अभिमानानं लावणारा माणूस, जेवण सोडून बसलेल्या शिष्याला हे सांगतो आहे. या उपमेची इतकी चांगली जागा मला दुसरीकडे सापडली नाही.

नीट पाहिलंत तर यात फूल नाही, पान आहे. गीतेच्या पाचव्या अध्यायातही 'पद्मपत्रमिवाम्भसा', पानच. माउलींची त्यावरची ओवी आहे: "तो कर्में करी सकळें । परी कर्मबंधा नाकळे । जैसें न सिंपे जळीं जळें । पद्मपत्र ॥" सगळी कामं करतो, पाण्यातच असतो, पण भिजत नाही. फूल आणि चिखल ही जोडी चित्राला बरी दिसते, म्हणून फ्रेमवर येते. निरखणाऱ्यांनी मात्र पानाकडे पाहिलं.

पान एकदा जवळून बघाच. जुलैतली सकाळ, पाऊस नुकताच थांबलेला. परातीएवढं पान, मध्ये जरा खोलगट, आणि त्या खळग्यात पाण्याचा एक मोठा थेंब पाऱ्यासारखा लोळतो आहे. वारा आला की इकडून तिकडे पळतो, वाटेतले लहान थेंब गिळतो, फुगतो, आणि पान कलंडलं की सगळा एकदम खाली. गेला तिथं ओलीचा डागही नाही. धूळ होती तीही सोबत घेऊन जातो.

असं का होतं याचं उत्तर जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट यांनी दिलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पानं बघताना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. गुळगुळीत पानं आधी धुऊन घ्यावी लागत, खडबडीत पानं आपोआप स्वच्छ असत. कमळाचं पान डोळ्यांना मखमली दिसतं, पण त्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचे आणखी बारीक स्फटिक. थेंब फक्त टोकांवर टेकतो, खाली हवा राहते, म्हणून तो पसरत नाही. १९९७ साली त्यांनी आणि नाइनहुइस यांनी हे सविस्तर मांडलं आणि 'लोटस इफेक्ट' हे नाव जगभर झालं. आता भिंतींचे रंग त्या नावानं विकतात.

मला यातलं खडबडीतपण आवडतं. अलिप्त माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुळगुळीत चेहरा येतो, कशाचाच ओरखडा नसलेला. पान तसं नाही. आणि हे मेण काही अमर नसतं. पानावर अंगठा जोरात घासा, त्या जागी पाणी चिकटायला लागतं. एका वर्षी मावा पडला म्हणून मी साबणाचं पाणी अंमळ दाट करून फवारलं. मावा गेला, पण पानं अशी झाली की पाऊस पडला की ओली फडकी. त्यावर धूळ, त्यावर शेवाळाचा थर. ती पानं शेवटपर्यंत सुधारली नाहीत, नवी आली ती चांगली आली. तेव्हा "आधी मला काही लागायचं नाही, आता प्रत्येक शब्द लागतो" असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमच्यात कमी काही नाही. मेण घासलं गेलं आहे. जुन्या पानाला रगडून ते परत येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ही मला पोथीत नाही, टबात कळली. कमळाचं पान वरूनच कोरडं असतं. पाण्यावर पसरलेल्या पानाची खालची बाजू पाण्याला चिकटून ओलीच असते आणि देठ तर जन्मभर पाण्यात. मग एवढा खटाटोप वरच्या बाजूसाठीच का? कारण पानाची श्वासाची छिद्रं वर आहेत. बहुतेक झाडांना ती पानाखाली असतात, पाण्यावरच्या पानाला ती सोय नाही. वर पाणी साचलं तर श्वास कोंडेल. आणि हा श्वास एकट्या पानासाठी नसतो. खाली चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. ऊन लागलं की पानाच्या आत हवेचा दाब वाढतो आणि ती हवा देठातल्या नळ्यांतून खाली कंदापर्यंत ढकलली जाते. तुम्ही कमळकाकडीची भाजी चिरली असेल. उल्हासनगरच्या सिंधी घरांत तिला 'भी' म्हणतात. चकतीत जी गोल गोल भोकं दिसतात, ती याच हवेच्या वाटा.

म्हणजे पान कोरडं राहतं ते चिखलाला नाक मुरडून नव्हे. चिखलातल्या आपल्याच भागाला श्वास पोचावा म्हणून राहतं.

यामुळेच गिऱ्हाइकांना मी एक गोष्ट बजावून सांगते: पिवळी पानं कापायची असतील तर देठ पाण्याच्या वर चार बोटं ठेवून कापा. सगळे देठ पाण्याखाली कापलेत तर नळ्यांत पाणी शिरतं, खाली हवा जात नाही आणि कंद कुजतो. झाड आवरून नीटनेटकं करायच्या नादात कितीतरी कमळं अशी मेली आहेत.

घर विकलं, नोकरी गेली की माणूस आधी काय कापतो? मी काय कापलं ते सांगते. पुरानंतर मी गुरुवारच्या भजनाला जाणं बंद केलं. लोक चौकशी करतात ती नको वाटायची, आणि "इतकं नुकसान झालंय आणि ही टाळ वाजवते" असं कुणी म्हणेल ही भीती. सकाळचं फिरणं बंद, बहिणीला फोन बंद. पैशाचा काही संबंध नसलेल्या गोष्टी मी पैसे गेले म्हणून तोडल्या. सहा महिन्यांनी माझी अवस्था त्या लगदा झालेल्या कंदासारखी होती. भजनानं गेलेला टब परत येत नाही, हे मलाही माहीत आहे. पण तेवढी एक नळी पाण्याच्या वर राहिली असती. तुमची कुठली ते तुम्ही ठरवा. माझा आग्रह एवढाच की आवराआवर करताना ती कापू नका.

वाढीबद्दल म्हणाल, तर त्यावर पाली ग्रंथांतली एक गोष्ट मला फार जवळची आहे. बुद्धाला ज्ञान झालं आणि ते शिकवावं की न शिकवावं असा प्रश्न पडला. ब्रह्मा सहंपतीनं विनंती केल्यावर त्यानं जगाकडे पाहिलं, तेव्हा माणसं त्याला कमळाच्या तळ्यासारखी दिसली. काही कमळं पाण्यात जन्मतात, पाण्यातच वाढतात आणि अजून बुडालेलीच आहेत. काही पाण्याच्या पातळीला आली आहेत. काही पाण्याच्या वर उभी आहेत, पाण्यानं न माखलेली. बुडालेल्यांसाठी जो शब्द आहे तो ऐकण्यासारखा आहे: 'अंतोनिमुग्गपोसीनि'. आत बुडून पोसली जाणारी. त्यातलं 'पोस' आपल्या 'पोसणं'चंच भावंड. त्यांना मागे पडलेली म्हटलेलं नाही. आणि त्यानं शिकवायचं ठरवलं ते तळं असं संमिश्र दिसल्यावर. नंतरच्या टीकाकारांनी चौथा प्रकार जोडला, मासे आणि कासवं खातात ती कमळं. ते व्यवहार म्हणून खरंच आहे, माझ्याकडेही गोगलगाई कोंब खातात, पण मूळ तीनांतली माया त्या चौथ्यात उरत नाही.

टबात हेच तीन टप्पे दिसतात. मार्चमध्ये कंद लावला की आधी येतात ती पानं पाण्यावर पडून राहणारी, तळहाताएवढी. त्यांना स्वतःला पेलवत नाही. गिऱ्हाईक तीन आठवड्यांत फोन करतं, "अहो, पानं लोळतायत, कळी कुठाय?" पडलेली पानं तेवढ्यात कंदाला उन्हाची कमाई पाठवत असतात. मग एक दिवस देठाला बळ आलेलं पान पाण्याच्या वर उभं राहतं, आणि अशी दोन-चार उभी पानं झाल्याशिवाय मी कळीची वाट बघत नाही. पुढे पावसाळा भरात असताना फुलं. ऑक्टोबर सरला की पानं पिवळी, डिसेंबरात टबात नुसतं काळं पाणी आणि वाळक्या काड्या. तेव्हा येणारे फोन वेगळे असतात: "मेलं तुमचं कमळ, पैसे परत द्या." हात घालून बघा म्हटलं की घालत नाहीत. घातला तर खाली मनगटाएवढे नवे कंद लागतात. ते जाड होतात ते पानं परतायला लागल्यावरच.

फुलाबद्दल थोडंच सांगते, कारण फूल तीन-चार दिवसांचं. पहिल्या दिवशी अर्धवट उघडतं आणि संध्याकाळी मिटतं. आत ऊब असते, आणि ही कवीची ऊब नाही. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या बागेत मोजून पाहिलंय: बाहेर हवा दहा अंशांपर्यंत उतरली तरी फुलाच्या आत तीस ते छत्तीस अंश. रात्रभर आत राहणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी ही सोय. माउलींनी भ्रमराचं म्हटलंय, कोरडं लाकूड कोरणारा हा भ्रमर कोवळ्या कळीत सापडतो आणि प्राण गेला तरी पाकळी चिरत नाही. लाकूड कोरणारा म्हणजे आपला काळा भुंगा, वाशाला गोल भोक पाडणारा. सकाळी फूल उघडताना आतून परागानं माखलेला जीव बाहेर पडताना मी पुष्कळदा पाहिलाय. जिवंत असतो. पण ओवी ओवीच्या जागी.

कमळाला फार सात्त्विकही समजू नका. तळ्यात एक कंद सोडा, काही वर्षांत दुसऱ्या वनस्पतीला ऊन दिसू देणार नाही. गच्चीवर लोक ज्याला ब्रह्मकमळ म्हणून रात्री बारा वाजता आरती करतात ते मेक्सिकोकडचं निवडुंग आहे, खरं ब्रह्मकमळ हिमालयात. आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या हातात आहे ते निळं कमळ म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं कुमुदाच्या, म्हणजे वॉटर लिलीच्या, कुळातलं. कमळाचं खरं नातं कुमुदाशी नसून चिनार वृक्षाच्या गोत्राशी निघालंय. सत्यकामासारखंच, गोत्र विचारू नये.

राहिली पुडी. तुम्ही लिहिलंय की बिया काळ्या, गोल आणि दगडासारख्या टणक आहेत. म्हणजे तो कमळगट्टा. पूजेच्या दुकानातल्या माळेतल्या बिया आरपार भोक पाडलेल्या असतात, त्या उगवत नाहीत. पुडीतल्या सुट्या असतील तर उगवतील, जुन्या असल्या तरी. १९५१ साली जपानमध्ये चिबाजवळ इचिरो ओगा या वनस्पतिशास्त्रज्ञांना जमिनीखालच्या जुन्या थरात तीन बिया मिळाल्या. त्यांतल्या एकीला पुढच्या वर्षी जुलैत फूल आलं. त्या बियांचं वय दोन हजार वर्षांच्या आसपास धरतात. चीनमधल्या एका आटलेल्या तळ्यातली सुमारे तेराशे वर्षांची बी अशीच उगवली. कवच इतकं घट्ट असतं की आत पाणी जात नाही, हवा जात नाही. त्यामुळे बी मरत नाही, आणि त्यामुळेच नुसती पाण्यात टाकली तर वर्षभर तशीच पडून राहते.

तर असं करा. थंडी सरू दे, फेब्रुवारी उजाडू दे. बी एका बाजूला किंचित टोकदार असते, दुसऱ्या बाजूला बारीकसा खळगा असतो. खळग्याच्या बाजूनं कानस किंवा जाड पॉलिश पेपर घेऊन घासा. वेळ लागतो, बोटं दुखतात. काळं जाऊन तपकिरी दिसेल, मग फिकट पांढुरकं. पांढुरकं दिसलं की तिथंच थांबा, आत कोंब हिरवाच तयार असतो, त्याला कानस लागता कामा नये. मग काचेच्या ग्लासात कोमट पाणी घालून खिडकीत उन्हाला ठेवा. चार-पाच दिवसांत बी फुगून दुप्पट होईल आणि हिरवी दोरी बाहेर येईल. पहिली तीन-चार पानं आणि बारीक मुळं दिसली की भोक नसलेल्या टबात काळी माती सहा इंच, जुनं शेणखत दोन मुठी, वर पाणी आणि सहा तास ऊन. बियांपासून लावलेल्याला त्याच वर्षी फूल येईलच असं नाही.

ग्लासातलं पाणी मात्र रोज बदला.